टोपल्यावर थंडोबा

शीतगृहात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला ‘थंडोबा’ म्हणायला फारशी अक्कल लागत नाही, आणि आपल्या हाताखालच्या लोकांकडे ती तेवढीच आहे, असं थंडोबाचं मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, नाव अगदी नेमकं पडलंय. या माणसाच्या डोक्यात कुठलीही गोष्ट शिरायची तर आधी बर्फ वितळावा लागतो.

कामात मात्र तो वाघ होता. मासळी असो, मटार असो की आइस्क्रीम, शीतगृहाचा धर्म एकच: दार. आत जाणाऱ्यानं आणि बाहेर येणाऱ्यानं ते आपल्यामागे लावलंच पाहिजे, नाहीतर गारवा पळतो आणि माल नासतो. “दार!” ही थंडोबाची आरोळी मालधक्क्यावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनाही पाठ झाली होती. त्याचा स्वतःचा हात तर इतका तयार झाला होता की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. हातानं एक ढकल, वर कमरेचा धक्का, आणि खटका बसल्याचा आवाज आल्याशिवाय पाऊल पुढे नाही. घरचा फ्रिजही तो कमरेनंच लावायचा. पाहुण्यांना हसू यायचं आणि त्याला अभिमान वाटायचा.

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर नाद लागला तो गच्च्यांचा. लावणारा त्याचा मेहुणा. मेहुणा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून बसणाऱ्याला मोकळ्या आभाळाची ओढ लागली तर त्यात नवल नाही. त्यानंच सांगितलं की प्रत्येक मोठ्या शहरात अशी माणसं असतात, जी बंद कारखाने, पाण्याच्या टाक्या, उंच इमारतींची छपरं अशा ‘प्रवेश नाही’ लिहिलेल्या जागा बघत हिंडतात. काही फोडायचं नाही, काही उचलायचं नाही, नुसतं बघून परत यायचं. थंडोबाला हे फार आवडलं. शाळेपासून त्यानं कधी ‘प्रवेश नाही’ लिहिलेल्या ठिकाणी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्याला शौर्य सुचलं होतं.

त्यांच्या आजवरच्या मोहिमा सांगण्यासारख्या नव्हत्या, तरी थंडोबा सांगायचा. एका पार्किंगच्या इमारतीची गच्ची (तिथे लिफ्ट जात होती आणि वर एक कुटुंब मुलांना सायकल शिकवत होतं). एक पाण्याची टाकी. एका बंद गिरणीचं धुराडं, तेही गुडघा बोलेपर्यंत. पण तयारी मात्र हिमालयाची. डोक्याला बांधायचा दिवा, हातमोजे, आणि दोराचं एक भेंडोळं, ज्याला गाठ कशी मारतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं निदान त्यांना कधी म्हणावं लागलं नाही, कारण अंगणापर्यंत ते पोचतच नसत.

दोघांचं खरं स्वप्न होतं ‘टोपलं’. शहरातलं ते सगळ्यात मोठं प्रेक्षागृह. गाण्याचे जलसे, जादूचे प्रयोग, कुस्त्या, नाचाच्या स्पर्धा, सगळं तिथेच. छप्पर पालथ्या टोपल्यासारखं फुगलेलं, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. त्या छपरावर जाऊन आलो असं सांगणारा माणूस दोघांनाही अजून भेटला नव्हता, कारण दारादारावर पहारा होता.

आणि मग बायकोच्या गायनवृंदाला टोपल्यात गायचं बोलावणं आलं.

बायको टपाल खात्यात पत्रं वेगळी करायच्या कामावर होती आणि कित्येक वर्षं वृंदात मागच्या रांगेत उभी राहून गात होती. यंदा गाण्याच्या बाईंनी तिला चार ओळी एकटीला दिल्या. बाकीचे सगळे गप्प होणार, वाद्यं थांबणार, आणि त्या हजारो माणसांच्या शांततेत ही एकटी चार ओळी म्हणणार. तिची झोप उडाली. कारणही तसंच होतं. मागच्या हिवाळ्यात एका छोट्या सभागृहात तिला अशीच एक ओळ दिली होती, आणि ऐन वेळी तिचा गळा अडकला होता. ओळ बाजूच्या बाईनं म्हटली. बायको घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

थंडोबानं त्या प्रसंगाचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की त्या दिवशी आपण फार कडेला बसलो होतो, तिला नीट दिसलो नाही. म्हणून या वेळी त्यानं तिसऱ्या रांगेतली बरोबर मधली खुर्ची मिळवली. शेजारी सासूबाई, त्यांच्या पलीकडे मेहुणा.

“तू अजिबात घाबरू नकोस,” तो बायकोला म्हणाला. “फक्त माझ्याकडे बघ.”

“बरं,” बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या ‘बरं’चे किती प्रकार असतात हे नवऱ्याला कळायला हवं. थंडोबाला एकच ठाऊक होता. त्यानं घरी तालमीही घेतल्या. ती खिडकीशी उभी राहून गायची आणि तो समोर खुर्ची टाकून बसायचा. सूर वर गेला की त्याच्या भुवया वर जायच्या. तिनं श्वास घ्यायच्या आधी तो घ्यायचा. प्रत्येक शब्द तिच्या अर्धा क्षण आधी तो तोंडातल्या तोंडात म्हणायचा, विसरली तर असावा म्हणून. दुसऱ्या ओळीपर्यंत आलं की बायकोला हटकून दूध उतू जात असल्याचा वास यायचा आणि ती आत जायची. बिचारी किती बावरलीये, असं वाटून थंडोबा पुढच्या तालमीला खुर्ची आणखी जवळ ओढायचा.

कार्यक्रमाच्या दुपारी गाणाऱ्यांच्या घरच्यांना एकेक पास मिळाला. कपडे, पाणी, गोळ्या काय लागेल ते रंगमंचाच्या मागे नेऊन देता यावं म्हणून. पास हातात पडताच मेहुण्यानं थंडोबाकडे पाहिलं आणि थंडोबानं मेहुण्याकडे. मागच्या बोळातून लोखंडी जिना वर गेला होता, आणि जिन्यापाशी कुणीही नव्हतं.

“वेळ आहे,” मेहुणा म्हणाला. “ताईचं गाणं बरंच उशिरा आहे. जाऊ आणि येऊ.”

सासूबाईंना तिसऱ्या रांगेत बसवून, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर त्यांची पिशवी आणि शाल ठेवून, “पाय मोकळे करून येतो,” असं सांगून दोघे निघाले.

जिना संपता संपेना. थंडोबानं खिशात लपवून आणलेले हातमोजे आणि दिवा काढले आणि दिवा डोक्याला बांधला. दिव्यांच्या रांगा खाली गेल्या, पडद्यांचे दोर खाली गेले. मेहुणा पुढे आणि थंडोबा बराच मागे, कठड्याला धरून गुडघ्याची मनधरणी करत. मेहुणा या बाबतीत व्यवस्थित होता. छपराचं दार आतूनच उघडतं, बाहेरून त्याला कडीही नाही आणि मूठही नाही, हे त्यानं पाहिलं आणि खिशातून लाकडाची पाचर काढून उघड्या दाराखाली ठोकली. “भाऊजी, पाचरीला हात लावू नका!” असं तो ओरडलाही. भाऊजी तेव्हा खालच्या वळणावर आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत होते.

थंडोबा वर पोचला तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच: सताड उघडं दार, आणि आतला थंडगार वारा बाहेर उन्हात चाललाय.

पुढचं त्यानं केलं नाही, त्याच्या हातानं केलं. बाहेर पाऊल पडताच पायानं पाचर उडवली, हातानं दार ढकललं, कमरेचा धक्का दिला. खट्. खटका इतका सुरेख बसला की त्याला बरं वाटलं.

“कुणी गाढवानं दार उघडं टाकलं होतं,” तो मेहुण्याला म्हणाला. “सगळा गारवा वाया.”

मेहुणा वळला. त्यानं थंडोबाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग दाराच्या गुळगुळीत पत्र्यावरून हात फिरवला.

“भाऊजी,” तो शेवटी म्हणाला, “गाढव सापडलं.”

वरून शहर फार सुंदर दिसत होतं. बसचं आगार, दोऱ्यांवरचे कपडे, नदीवरचे पूल, सगळं स्वच्छ उन्हात. प्रेक्षागृहाच्या नावाची प्रचंड अक्षरं मागच्या बाजूनं उलटी दिसत होती आणि एका अक्षराच्या पोटात कबुतरांनी संसार थाटला होता. ज्या दृश्यासाठी दोघांनी वर्षभर स्वप्नं पाहिली ते पुढ्यात पसरलं होतं आणि थंडोबा त्याच्याकडे पाठ करून एका दाराला नखं लावत होता.

“पहारेकऱ्यांना फोन करू,” तो म्हणाला.

मेहुण्यानं पासची मागची बाजू वाचून दाखवली, दाढ काढावी लागेल हे सांगतात त्या आवाजात. पासधारक ठरलेल्या जागेबाहेर सापडल्यास संबंधित वृंदाचा सहभाग रद्द करण्यात येईल.

दारापाशी काचेच्या पेटीत एक लाल दांडा होता आणि शेजारी साखळीला छोटी हातोडी. काच फोडून दांडा ओढला की इमारतीतली सगळी दारं आपोआप उघडणार. घंटा वाजणार, कार्यक्रम थांबणार आणि आतली सगळी माणसं रस्त्यावर येणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे पत्र्यावर थंडोबा.

त्याला खाली पोचायचं होतं. नुसतं ऐकायला नव्हे. त्याची पक्की खात्री होती की तिसऱ्या रांगेत आपला चेहरा दिसला नाही तर तिचा गळा अडकणार. हजारो लोकांसमोर ती तोंड उघडून उभी राहणार, आणि कारण काय, तर नवऱ्याला छपरावर दार लावायची हुक्की आली. आणि मग त्याला एक युक्ती सुचली. थंडोबाला सुचणाऱ्या युक्त्यांबद्दल एरवी कुणी फारसं बोलत नसे.

त्यानं सासूबाईंना फोन लावला. एवढा जिना चढून दार उघडायला येणं त्यांना जमणार नव्हतं, पण खुर्चीवर बसणं जमत होतं.

“कुठे आहात जावईबापू? कार्यक्रम सुरू झालाय,” सासूबाई कुजबुजल्या.

“वर आहे. अडकलोय. तुम्ही एक करा. माझ्या खुर्चीवर सरका.”

“का?”

“ती तिथेच बघणार आहे. ती गायला लागली की तुम्ही भुवया वर करा. सूर चढला की आणखी वर. आणि तोंडानं शब्द म्हणत राहा, तिच्या जरा आधी. मी करतो ना, तसं.”

पलीकडून तबला ऐकू येत होता.

“मी पाहिलंय तुम्ही करता ते,” सासूबाई म्हणाल्या. “मी या वयात चारचौघांत असले माकडचाळे करणार नाही. आणि लोक वळून बघताहेत. ठेवते.” त्यांनी फोन ठेवला, आणि पुन्हा लावला तर बंद.

थंडोबानं हातोडी उचलली. मेहुण्यानं त्याला अडवलं नाही. बहीण त्याची होती, पण दार याचं होतं. थंडोबानं काचेसमोर हातोडी धरली आणि उभा राहिला. तिचा गळा अडकला तर ती पुन्हा दोन दिवस बोलणार नाही, कदाचित पुन्हा कधी गाणारही नाही. पण घंटा वाजली तर ती त्या उजेडात उभीच राहणार नाही. अडकायला तरी तिला उभं राहू दे, असं त्याला वाटलं. एवढा विचार त्यानं एकट्यानं केला, आणि तो पूर्ण व्हायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. मग त्यानं हातोडी साखळीला परत लटकवली.

“बसा भाऊजी,” मेहुणा म्हणाला.

दोघे पत्र्यावर बसले. थंडोबानं आडवं होऊन छपराला कान लावला. खालून गाणं नाही, वाद्यं नाहीत, फक्त हवा थंड करणाऱ्या यंत्राची घरघर. जन्मभर तो हेच ऐकत आला होता. बायको त्याच्या पोटाखाली कुठेतरी गात होती, किंवा गात नव्हती, आणि त्याला काही कळायला मार्ग नव्हता. त्याला रडू आलं. मेहुण्यानं शहाणपणानं तोंड पुलांकडे फिरवलं.

मग पत्रा थरथरला. टाळ्या. आधी तळव्यांना कळल्या, मग कानाला. पण टाळ्या कुणाला हे पत्रा सांगत नाही.

बऱ्याच वेळानं दार आतून उघडलं आणि पडद्यांचे दोर सांभाळणारा एक दणकट माणूस तोंडात सिगारेट धरून बाहेर आला. त्याला दोन प्रौढ गृहस्थ दिसले, एकाच्या डोक्याला भर उन्हात दिवा बांधलेला.

“तुम्ही कोण?”

“आम्ही... घरचे,” थंडोबा म्हणाला.

“कुणाच्या घरचे?”

मेहुण्यानं सांगितलं. दोरवाल्यानं सिगारेट तोंडातून काढली.

“त्या चार ओळी एकट्यानं म्हणणाऱ्या बाई? अहो, मी ऐकत राहिलो आणि पडदा सोडायचा विसरलो. खालून शिव्या पडल्या. काय गायल्या हो त्या!” आणि दार पायानं अडवत म्हणाला, “निघा. मी तुम्हाला बघितलेलं नाही.”

थंडोबाला आनंदानं गहिवरून आलं. जिन्याच्या पहिल्या वळणावर मात्र दुसराच विचार आला: माझ्याशिवाय? दुसऱ्या वळणावर त्याला या विचाराची लाज वाटली, आणि तळाला पोचेपर्यंत त्यानं तीन थापा तयार केल्या.

एकही लागली नाही. मागच्या बोळात एकसारख्या कपड्यांतल्या बायका एकदमच बोलत होत्या. बायको त्यांच्यातून वाट काढत आली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याचा हात धरला. असं तिनं कधी केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“अहो, तुम्ही ओळखलंत,” ती म्हणाली.

“हं,” थंडोबा म्हणाला. धोक्याच्या जागी तो इतकंच बोलायचा.

“किती दिवस सांगू सांगू म्हणत होते, जीभच रेटत नव्हती. तुमचा तो चेहरा समोर आला ना, की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. मागच्या वेळीही गळा त्यानंच अडकला. आज वर उजेडात आले, तिसऱ्या रांगेत पाहिलं, तर खुर्ची रिकामी. अहो, असा मोकळा श्वास आला म्हणून सांगू!” ती बायकांकडे वळली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा यांना काहीतरी न सांगता कळलं.”

गाण्याच्या बाई म्हणाल्या, नवरा असावा तर असा. एका बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. थंडोबानं मान खाली घातली आणि सगळ्यांना तो विनय वाटला. सासूबाई पिशवी आणि शाल घेऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी जावयाकडे सावकाश वरपासून खालपर्यंत, गुडघ्यांवरच्या कबुतरांच्या विष्ठेपर्यंत पाहिलं.

“जावई माझा गुणाचा,” त्या म्हणाल्या. मुस्कटात मारली असती तर कमी लागलं असतं.

संध्याकाळी चौघं बसथांब्याकडे चालत निघाली. मेहुणा आईला घेऊन मागे राहिला. त्याला काही अंतर बरं वाटत होतं. बायको बोलत होती, इतकी ती महिन्यात बोलली नव्हती. मग तिनं विचारलं, “पुढच्या वेळीही असेच बाहेर थांबाल ना?”

हो म्हटलं की झालं. जन्मभर शहाणा ठरला असता. फक्त तिचं गाणं कधी ऐकायला मिळालं नसतं, आणि ही शाबासकी रोज पानात वाढली गेली असती. थंडोबाला ती गिळवेना.

“मला काही कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी छपरावर अडकलो होतो.”

मग त्यानं सगळं सांगितलं. पाचर, दार, पास, सासूबाईंना केलेला फोन, हातोडी. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. त्याच्या फजितीवर ती नेहमी हसायची. ती फुटपाथवर उभी राहिली आणि हसली नाही.

“म्हणजे कळलं नव्हतंच.”

“नाही.”

“आणि मी सगळ्यांना सांगत सुटले.”

“हो.”

“एकदा,” ती हळू म्हणाली, “एकदाच कळलं असतं, तर काय बिघडलं असतं हो तुमचं?”

तो हातातल्या हातमोज्यांकडे बघत राहिला.

“हातोडी का ठेवलीत परत?” तिनं विचारलं.

“तुझं गाणं थांबलं असतं.”

तिनं पदर सारखा केला.

“पुढे चला,” ती म्हणाली. “आणखी. हं, आता तसेच चालत राहा. मागे बघायचं नाही. बघितलंत की मी थांबले.”

थंडोबा चालू लागला. मागून आवाज आला, आधी अगदी बारीक, रस्त्याच्या गोंगाटात हरवण्याइतका, आणि मग हळूहळू पूर्ण. घरी कधी दुसऱ्या ओळीपलीकडे न गेलेलं ते गाणं तिसऱ्या ओळीत शिरलं. त्याला ती दिसत नव्हती, पण समोरून येणारी माणसं दिसत होती. दुकानाचं शटर ओढणारा एकजण शटर अर्ध्यावर धरून थांबला. भाजीची पिशवी घेतलेल्या बाईनं चालणं सोडलं आणि थंडोबाच्या खांद्यावरून मागे पाहत राहिली. एका माणसानं कानापासून फोन दूर केला. ते सगळे तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसत होतं ते थंडोबा एकेक करून वाचत होता.

चौथ्या ओळीला आवाज वर चढला आणि तिथेच, कुणाच्याही मदतीवाचून, स्थिर राहिला. थंडोबाला करण्यासारखं काही नव्हतं. तो चालत राहिला.